नागपुरात दुकान आहे, चीनहून मशिनचे सुटे भाग मागवायचेत. कस्टम्समध्ये आयातदार म्हणून नोंदणी कुठे करायची?

कस्टम्सच्या ऑफिसात चकरा मारू नका. धंद्यासाठी आयात करायची तर लागतो आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड नंबर, आणि तो देतं डीजीएफटी, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचं विदेश व्यापार खातं. अर्ज पूर्ण ऑनलाइन, फी ५०० रुपये. एजंट यासाठी हजारो मागतात, देऊ नका. तुमचा पॅन हाच आयईसी नंबर होतो. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि कॅन्सल चेक जवळ ठेवा. चेकवर फर्मचं नाव छापलेलं असावं, नसेल तर बँकेचं सर्टिफिकेट घ्या. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळतंय ना, ते आधी बघा. अर्ज बहुतेक इथेच अडकतात.

आयईसी कायमचा असतो, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन माहिती कन्फर्म करावीच लागते, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर तो बंद पडतो, आणि हे नेमकं माल बंदरात आल्यावर कळतं.

माल आला की कस्टम्समध्ये बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, भरावा लागतो. तो कस्टम्स ब्रोकरकडूनच, म्हणजे माल सोडवून देणाऱ्या परवानाधारक एजंटकडूनच, भरून घ्या. त्यात जीएसटी नंबर बरोबर टाकायला सांगा, नाहीतर भरलेल्या आयजीएसटीचं (आयातीवरच्या जीएसटीचं) क्रेडिट मिळवताना डोक्याला ताप. माल न्हावाशेवा बंदरात न सोडवता नागपूरच्या आयसीडीत, म्हणजे कस्टम्सची सोय असलेल्या कंटेनर डेपोत, सोडवायचा असेल, तर बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) डिलिव्हरीचं ठिकाण नागपूर आयसीडी लिहायला पुरवठादाराला आधीच सांगा.