जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरायचाय? आधी एवढंच करा

मशीन चालेल, काळजी नको, फक्त आधी वॉटमीटर लावून बघा की नुसतं चालू ठेवल्यावर किती वीज खातंय, कारण ५० वॅट असेल तरी दिवसरात्र चालून वर्षाला ४३८ युनिट होतात. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर वेगळं कार्ड सरळ काढून टाका.

- डेबियन (लिनक्सवरची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, ग्राफिकल डेस्कटॉप स्क्रीनशिवाय, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कमांड देण्याची सोय) चालू केलं की मॉनिटरची गरज नाही
- लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणारा सेटिंगचा मेनू) असते, ती करा

सुरुवातीला फक्त फाइल शेअरिंग, बास. नवीन लोक पहिल्याच दिवशी दहा गोष्टी टाकतात आणि मग कशामुळे काय बंद पडलं तेच कळत नाही. राउटरवर पोर्ट (बाहेरच्या इंटरनेटवरून आत यायची वाट) तर इतक्यात उघडूच नका. आणि रेड (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवायची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे बरं का, चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते, एक कॉपी वेगळी ठेवा. डॉकर (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) वगैरे नंतर बघू.