जपानमध्ये इंग्रजी शिकवताना कंपनी पेन्शनचा हिस्सा भरत नसेल तर बोलणी करावीत का?

२९.५ हा आकडा वाचला आणि उत्तर लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की कंपनी आठवड्याला २९.५ तासांचं कंत्राट देतेय, म्हणून शाकाई होकेन (कंपनीमार्फतचं पेन्शन आणि आरोग्य विमा) नाही, कोकुमिन नेन्किन (राष्ट्रीय पेन्शन) तुमचं तुम्ही भरा, उलट हातात जास्त पडेल. माझ्या कंत्राटातही हाच आकडा होता. २८ नाही, २९ नाही, बरोबर साडेएकोणतीस.

कोसेई नेन्किनच्या, म्हणजे शाकाई होकेनमधल्या पेन्शनच्या, टक्क्यांवर घासाघीस होत नाही. पगाराच्या १८.३ टक्के, निम्मे तुमचे, निम्मे मालकाचे, सप्टेंबर २०१७ पासून हाच दर आहे. भांडण असतं ते तुम्ही त्यात बसता की नाही यावर. पूर्णवेळ माणसाच्या तीन चतुर्थांश तास भरले, म्हणजे ४० तले ३०, की मालकाला तुमची नोंदणी करावीच लागते. म्हणून २९.५. या अर्ध्या तासापायी कंपनी माझ्यामागे पेन्शन आणि आरोग्य विमा मिळून महिन्याला जवळजवळ ३४ हजार येन वाचवत होती. माझा पगार होता २ लाख ३० हजार.

मी एप्रिल २०१६ मध्ये साइतामाला गेले. हाकेन (माणसं पुरवणाऱ्या) कंपनीकडून दोन सरकारी शाळांत एएलटी, म्हणजे इंग्रजीची सहायक शिक्षिका. सकाळी सव्वाआठला शुक्किनबोवर (हजेरीपटावर) शिक्का मारायचा, निघायला सव्वाचार. मग २९.५ तास कसे? दोन तासिकांमधली दहा मिनिटं 'विश्रांती', साफसफाईची वेळ 'विश्रांती', जेवणाची ४५ मिनिटं 'विश्रांती'. त्या जेवणाच्या विश्रांतीत मी सहावीच्या पोरांच्या बाकाला बाक लावून क्यूशोकु (शाळेचं जेवण) खात असायचे आणि भारतात रोज करी खातात का या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत असायचे. ही विश्रांती चुकवून स्टाफरूममध्ये बसले असते तर दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन गेला असता.

पहिली दोन वर्षं मुकाट्याने कोकुमिन भरलं. २०१८ साली तो हप्ता महिना १६,३४० येन होता, सगळा माझ्या खिशातून. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एक वही केली. किती वाजता आले, कोणत्या तासाला कोणता वर्ग, मधल्या दहा मिनिटांत काय केलं, कधी निघाले. सहा आठवडे. मुख्याध्यापकांच्या हाताखालच्या क्योतो-सेन्सेईंकडे शुक्किनबोच्या झेरॉक्स मागितल्या. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, स्वतः मशीनपाशी उभं राहून काढून दिल्या. वही आणि झेरॉक्स घेऊन नेन्किन जिमुशोत (पेन्शन कार्यालयात) गेले. खिडकीतल्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, पुन्हा केली, आणि एक फॉर्म पुढे सरकवला. कर्मचारी स्वतःच 'मी विमाधारक आहे की नाही ते तपासा' अशी मागणी करू शकतो, त्याचा तो फॉर्म. कंत्राटात काय छापलंय याच्याइतकंच प्रत्यक्षात किती तास भरताय तेही बघतात, हे मला तिथे कळलं.

कंपनीचा टान्तोशा (माझं काम बघणारा माणूस) मला एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये भेटला. माझ्यापेक्षा लहान, मेलन सोडा पीत होता. आधी 'मुझुकाशी देसु ने' झालं, म्हणजे नाही. मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवलं, बघा, नोंदणी केली तर तुमच्याच पगारातून ३३ हजार जातील. मी त्याच कॅल्क्युलेटरवर माझं कोकुमिन आणि कोकुहो (स्वतः भरायचा सरकारी आरोग्य विमा) मांडलं. फरक फार उरला नाही. मग वही टेबलावर ठेवली, वहीवर तो फॉर्म. तो फोन करायला बाहेर गेला तो वीस मिनिटांनी आला. एप्रिल २०१९ पासून कंत्राट ३१ तासांचं होईल, नोंदणी होईल. मात्र मागचं काही काढायचं नाही, तसं लिहून द्या.

मी लिहून दिलं.

हे मला आजही खुपतं. मागच्या दोन वर्षांपर्यंतची वसुली नेन्किन जिमुशो करू शकतं, माझा निम्मा हिस्सा मला भरावा लागला असता, पण मालकाचाही निम्मा आला असता. असला कागद त्यांच्यासमोर टिकत नाही, हे युनियनवाल्यांनी मला नंतर सांगितलं. तोवर वेळ गेली होती. तुम्ही असं काही लिहून देऊ नका.

त्या रात्री दादाला फोन केला तर म्हणाला, "कंत्राट पुढे वाढवलं नाही तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेस." दादाचं पेन्शनवर एकच मत आहे आणि ते आबांवरून आलंय. आबा साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला होते. २०११ ला निवृत्त झाले, ईपीएस-९५ चं (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन महिना २,१०० च्या आसपास. दादा म्हणतो, बघ, जन्मभर कापून घेतलं आणि औषधाला पुरत नाही. मी म्हणते, आबांचा पगार कितीही असला तरी हिशेब ६,५०० च्या मर्यादेवर झाला, म्हणून. ती मर्यादा २०१४ मध्ये १५ हजार झाली, तोवर आबा घरी बसले होते. कोसेईत हप्ता खऱ्या पगारावर लागतो, प्रवासभत्ता धरून. मर्यादा तिथेही आहे, पण ती एएलटीच्या पगाराच्या कितीतरी वर. हे मी दादाला चार वेळा सांगितलंय.

मार्च २०२२ मध्ये परत आले तेव्हा खरा वाद झाला. जपान सोडल्यापासून दोन वर्षांत एकरकमी परतावा मागता येतो. माझ्या ३६ महिन्यांच्या कोसेईचे ७ लाख ९२ हजार येन होत होते, तेव्हाच्या भावाने पावणेपाच लाख रुपये. दादाने हिशेबही करून ठेवला होता, बोअर आणि ठिबक. मी अर्जच केला नाही. कारण त्या परताव्याचं सूत्र नीट बघा, त्यात फक्त तुमच्या निम्म्याएवढं परत येतं. मालकाचा निम्मा, ज्याच्यासाठी मी वही लिहिली, तो तिथेच राहतो आणि तुमची वर्षंही पुसली जातात. कोकुमिनमध्ये तर सगळं तुम्ही भरलेलं असतं आणि परत येतं ते साधारण निम्मं. पेन्शनला १० वर्षं लागतात (२०१७ च्या जुलैपर्यंत २५ लागायची), पण भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे इथली ईपीएसची वर्षं त्यात धरली जातात. माझी सहा तिकडची, बाकीची पुण्यातल्या शाळेतली. आजच्या दराने ६५ नंतर वर्षाला पावणेदोन लाख येनच्या आत-बाहेर येतील.

एफडीचं गणित दादाच्या बाजूने पडतं, हे मला कळतं. तीस वर्षं सात टक्क्यांनी ठेवले असते तर जास्त झाले असते. पण ते एफडीत राहिले नसते. बोअरमध्ये गेले असते, आणि आमच्या त्या शिवारात तीनशे फुटांवरही पाणी लागत नाही.

आता तुमचं. कंपनीत कोसेई नेन्किनवर किती माणसं आहेत हे आधी विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त असतील तर आठवड्याला २० तास आणि महिना ८८ हजार येन एवढ्यावर तुम्ही आत आहात, २९.५ चा काही उपयोग नाही. त्याहून लहान कंपनी असेल तर पहिल्या दिवसापासून वही लिहा. दोन-तीन वर्षांतच परतणार असाल आणि इथे ईपीएसची वर्षं नसतील तर परतावा घ्या, माझ्यासारखा हट्ट करू नका. कोसेईच्या परताव्यातून २०.४२ टक्के कर कापतात, तो परत मागायला तिथे एक कर-प्रतिनिधी नेमून या. पहिल्या वर्षी कोकुहो फार स्वस्त वाटेल, कारण ते आदल्या वर्षीच्या जपानमधल्या कमाईवर असतं. कंपनीवाले नेमका तोच आकडा दाखवतात. बायको सोबत येणार असेल आणि ती कमवत नसेल, तर कोसेईत तिचा वेगळा हप्ता पडत नाही, कोकुमिनमध्ये पडतो. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.