‘काहीही चालेल सर’ आणि सावजीचा शुक्रवार

प्रश्न: काकू, नमस्कार. मी मूळचा तुमसरचा, वय २३, नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत लागून ८ महिने झाले. मागच्या महिन्यात आमच्या सरांनी (ते पुण्याचे आहेत) सगळ्या टीमला वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. मेनूकार्डावरचे भाव पाहूनच माझी भूक मेली. सर विचारत होते काय घेशील, अन मी दरवेळी काहीही चालेल सर, काहीही चालेल सर. काटा-चमचा नीट धरता येत नाही म्हणून जे समोर आलं ते पण अर्धंच खाल्लं, मग रूमवर येऊन मॅगी केली. आता सर म्हणतात, येत्या शुक्रवारी रात्री तू सांगशील तिथे जाऊ, तू इकडचा आहेस, आम्हाला खरं सावजी, म्हणजे नागपूरचं ते तिखट रश्श्याचं जेवण, खाऊ घाल. आम्ही ८ जण आहोत, त्यात एक मॅडम जैन आहेत. सर ड्रिंक घेतात, मागच्या वेळी मलापण आग्रह करत होते. मले तर झोप नाही येऊन राहिली. काय करू?

काकू: अरे बाप्पा, पोट्ट्या, सावजीसाठी झोप कायले उडवतोस! काटा-चमच्याचं आधी संपवून टाकू, नान काट्याने कोणीच खात नाही, तुझे सरपण हातानेच तोडत असतील, तू मान खाली घालून बसला होता म्हणून तुला दिसलं नाही. अन सावजीत तर तो प्रश्नच नाही, भाकरी हातानेच मोडायची.

तुझं चुकलं ते ‘काहीही चालेल’मध्ये. तुला वाटलं आपण नम्रपणा दाखवतोय, पण ज्याला ८ जणांची ऑर्डर द्यायची आहे त्याच्या डोक्यावर तू स्वतःचंही ओझं टाकलं ना. भावाची भीती वाटते तर सोपं आहे, साहेब स्वतःसाठी काय मागवतात ते बघायचं अन त्याच्याच आसपासचं काहीतरी सांगायचं, किंवा सरळ म्हणायचं, सर, मला पनीरचं काहीपण आवडतं, तुम्हीच एक सांगा. हे ‘काहीपण’ चालतं, कारण त्यात निदान पनीर तरी आहे.

मी का बोलते सांगू? माझी पहिली नोकरी सदरमधल्या एका ऑफिसात होती, तिथल्या पहिल्या पार्टीत मीपण हेच केलं. साहेबांनी माझ्यासाठी मशरूम मागवले, मी आयुष्यात मशरूम पाहिलेसुद्धा नव्हते, पहिला तुकडा दातांखाली आला अन काही केल्या गिळवेना, मग गुपचूप रुमालात काढला, त्यामागे अजून दोन, अन हात धुवायला गेले तेव्हा रुमाल खुर्चीवरच राहिला. वेटर बिचारा चांगल्या मनाने रुमाल घेऊन आला, सगळ्यांसमोर, ‘मॅडम, तुमचा आहे का?’ अन पुढे केला तसे तिन्ही मशरूम टेबलावर. तेव्हापासून मी ‘मला वांग्याची भाजी द्या’ असं स्पष्ट सांगते.

आता शुक्रवारचं. या वेळी निवडणारा तू आहेस, म्हणजे आधी सगळ्यांना विचारायचं, पण ग्रुपवर नाही रे, एकेकाला. ‘तुमचा काही वार आहे का?’ एवढंच. कोणाचा शुक्रवार असतो, कोणाची त्या दिवशी चतुर्थी येते, कोणी सांगत नाही अन ताटावर बसल्यावर कळतं. मॅडमना तर सगळ्यात आधी विचार. सावजीचा रस्सा म्हणजे कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं, खसखस, तो मसाला आधीच होऊन बसलेला असतो, त्यातून त्यांच्यासाठी कांदा-लसूण काढून देतो असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नको. डाळकांदा, पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा व्हेज आहे हे खरं, पण जैन नाही. शिवाय बरेच जैन लोक सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, तुझ्या मॅडम पाळतात की नाही तेपण त्यांनाच विचार.

म्हणून मी म्हणेन सरांना सांग, रात्रीऐवजी शनिवारी दुपारी जाऊ (वार शनिवारचाही विचार बरं). दुपारी गेलं की मॅडमना जेवता येतं, लांब राहणाऱ्या मुलींना घरी जायची घाई नसते, ड्रिंकचा विषयपण अर्धा आपोआप संपतो. शुक्रवारी दुपारी मात्र नको, सावजी खाऊन कोणी ऑफिसात काम करेल ही आशा सोड. जागा अशी बघ जिथे सावजीपण मिळतं अन वेगळं साधं व्हेजपण, अन तिथे आधी एकदा एकटा जाऊन ये. अस्सल चव महाल-इतवारीकडे, हे मलापण मान्य आहे, विणकर हलबा कोष्टी लोकांची ती रेसिपी, आधी जवसाच्या तेलात करायचे, पण ८ जण, त्यात बायका, त्यात साहेब, तिथल्या बाकांवर दाटीवाटीने बसवून तू स्वतःचीच पंचाईत करशील. अन जागा बदलली तर ‘मॅडममुळे बदललं’ हे वाक्य चुकूनही बोलू नको, त्या बिचाऱ्या मग पूर्ण वेळ सॉरी-सॉरी करत बसतील.

एक आपल्या लोकांची खोड सांगते, मला मनापासून राग आहे तिचा. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्याला तिखट खाऊन रडताना बघायचं अन टाळ्या पिटायच्या. साहेबांसोबत तर हे मुळीच करू नको. सांगायचं की सर, तर्री (रश्श्यावरचं तिखट तेल) वेगळी मागवू, आधी रस्सा चाखून बघा, मग हवी तेवढी घ्या. भातपण आधीच सांगून ठेव. वेटरने विचारलं सांबार टाकू का, तर सर म्हणतील इडली कुठे आहे, तेव्हा तूच सांग की इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इतक्या एका गोष्टीवर टेबल अर्धा तास गप्पा मारेल अन तुला दुसरा विषय शोधावाच लागणार नाही.

ड्रिंकचं. तुझं वय २३ ना? महाराष्ट्रात बिअर अन वाइनला २१ लागतात पण व्हिस्कीसारख्या कडक दारूला २५, म्हणजे ‘सर, अजून दोन वर्षं थांबा, कायदा आडवा येतो’ हे तू हसत खरं सांगू शकतोस. घेतच नसशील तर तेच सांग, एकदा, ‘मी घेत नाही सर’, अन लगेच लिंबू सोडा मागव. अँटिबायोटिक चालू आहे वगैरे कारणं देऊ नको, गोळ्या पाच दिवसांत संपतात अन पुढच्या पार्टीला तू परत तिथेच. घेत असशील तर बिअरच, अन साहेबांच्या मागे एक ग्लास राहायचं, पुढे नाही. अन ग्लास हातात असलेला कोणाचा फोटो स्टेटसवर जाणार नाही हे बघ.

बिलावरून झटापट करू नको, सरांनी बोलावलं आहे तर सर देतील, ‘मी देतो, मी देतो’ करून खिशात हात घालायचा अन पाकीट बाहेर काढायचं नाही हे सगळ्यांना समजतं. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर मात्र तुझं ज्ञान मनातच ठेव. ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की तो आपोआप लावता येत नाही, दिल्ली हायकोर्टानेपण २०२५ मध्ये तेच कायम ठेवलं, तुझं बरोबर आहे, पण बिल त्यांचं आहे. त्यांनी विचारलं तर हळूच सांग. जीएसटीवर मात्र वाद घालूच नको, साध्या रेस्टॉरंटचे ५ टक्के ते लागतातच.

वेटरला ‘ए छोटू’ कधीच नाही, ‘भाऊ’ म्हण. उरलेल्या मटणाचं पार्सल तू स्वतः मागू नको, सर म्हणाले घेऊन जा तर लाजू पण नको, रूमवर मॅगीच करणार आहेस ना नाहीतर.

अन पांढरा शर्ट घालून जाऊ नको.