आम्ही जळगावचे. मुलीला मुंबईत सरकारी कॉलेजात बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पदवी) मिळतंय, घ्यावं का? पुढे तिथेच जम बसेल का?

जळगावचे आहात आणि मुंबईत सरकारी सीट मिळतेय म्हणता, मग डोळे झाकून घ्या. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय असो की मुंबई सेंट्रलचं नायर, ओपीडीला रांग असते. शिकताना ठरावीक पेशंट तपासायचा क्लिनिकलचा कोटा असतो, तो भरायला पेशंट शोधत फिरावं लागत नाही. खासगीतल्या माझ्या मैत्रिणी गाडीभाडं देऊन पेशंट आणायच्या.

जम बसण्याचं मात्र वेगळं आहे. ४ वर्षं आणि १ वर्ष इंटर्नशिप संपवून मी उपनगरातल्या एका क्लिनिकात लागले. पगार १२ हजार, डोंबिवलीत तिघींत एक खोली. दिवसभर दात साफ करायचे. रूट कॅनाल निघालं की बाहेरून एमडीएस (बीडीएसच्या पुढची पदवी) झालेले कन्सल्टंट यायचे, मी सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणारी नळी, धरून उभी. दोन वर्षांत हाताची सवय मोडली.

२०१६ला अमळनेरला परत आले, तर आमचे नाना ओट्यावर चार माणसांत म्हणाले, "इतलं शिकीसन मुंबई सोडी उनी? गावमा दात पाडाले?"

पहिल्याच महिन्यात एक टेम्पोवाला आला, वय २६. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी, तरी रोज पंधरा पुड्या. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, त्याच्या दीडच जात होती. गालाला आतून हात लावला तर दोरीसारखे कडक पट्टे. गुटखा सोडवला, औषध चालू केलं आणि आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला लावल्या. सुरुवातीला ११ बसल्या. दर सोमवारी मी मोजायची. चार महिन्यांनी १५ बसल्या, त्या दिवशी त्याने माझ्यासमोर भाकरीचा घास नीट चावून खाल्ला. नाना, मुंबईत ही केस माझ्या हातात कोणी दिली नसती.

इथेही सगळं सोपं नाही. चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे कर्जावर घ्यावं लागलं, आणि दातावर बसवलेल्या कॅपचे पैसे पेशंटचा कापूस विकला गेल्यावर मिळतात. मुलगी आणखी ३ वर्षं देऊन एमडीएस करणार असेल, तर मुंबईचा हिशोब बदलतो.

पण बीडीएस करून ती गावी परत आली आणि ओट्यावर कोणी असं बोललं, तर तुम्ही तिच्या बाजूने बोला. माझे वडील त्या दिवशी गप्प बसले होते.