डिस्टोपियन (म्हणजे दडपशाहीचं, भयाण जग दाखवणाऱ्या) कादंबऱ्यांत नायकाला सारखं बालपणच का आठवतं? ते नुसतं स्मरणरंजन असतं की कशाचं तरी प्रतीक?

स्मरणरंजन समजून वाचायला गेलात तर फसाल. या कादंबऱ्यांतलं बालपण क्वचितच गोड असतं. गाइडमध्ये 'निरागसतेचं प्रतीक' असं छापलेलं असतं, तेही मला पटत नाही.

मी ठाण्याच्या कोर्टात बरीच वर्षं दिवाणी दावे चालवतोय, त्यामुळे असेल, पण मला या आठवणी साक्षीदारासारख्या वाटतात. सातबारा समोरच्याचा, नकाशा समोरच्याचा, शिक्के त्याचे. तुमच्या बाजूला उरलाय एक म्हातारा, ज्याला बांध कुठे होता ते आठवतं. तो टिकला तर दावा टिकला.

जॉर्ज ऑरवेलची '१९८४' (१९४९ साली आलेली) घ्या. नायक विन्स्टन हुकूमशाही राजवटीत राहतो, त्याची नोकरीच सरकारला हवी तशी जुनी वर्तमानपत्रं फिरवून लिहायची, म्हणजे कागदावर किती भरवसा ठेवायचा हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? मग डोक्यात उरलंय तेवढंच खरं. आणि उरलंय काय, तर एक चोरी. टंचाईचे दिवस, रेशनवर चॉकलेटचा तुकडा मिळालेला, खाणारी तोंडं तीन. पोरगा सगळंच मागतो. आई पाऊण भाग त्याला देते, पाव त्याच्या आजारी बहिणीला. तो पावही हा तिच्या हातातून हिसकावतो आणि पळतो. आई पोरीला छातीशी ओढून धरते, त्याने चॉकलेट परत येणार नसतं तरी. काही तासांनी हा घरी येतो तर दोघी नाहीत. पुन्हा कधीच दिसत नाहीत.

प्रतीक शोधायचं तर आईच्या त्या हातात शोधा. काही उपयोग नसताना जवळ घेणं ही गोष्ट त्या राजवटीच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. आणि आमच्या धंद्यातलं एक सांगतो, माणूस स्वतःच्या विरुद्ध जाणारं बोलतो तेव्हा ते खरं असण्याचा संभव जास्त. विन्स्टनची ही आठवण त्यालाच आरोपी करते, म्हणून ती वाचकाला पटते.

पण साक्षीदार डळमळतो. आमची नौपाड्यातली चाळ पाडून तिथे आता टॉवर उभा आहे. मागच्या अंगणात विहीर होती, काठाला दोराने पडलेल्या खाचा होत्या, त्यात माझं बोट बरोब्बर बसायचं. दादा म्हणतो विहीर नव्हतीच, हौद होता. आई राहिली नाही, फोटो नाही, शेजारी डोंबिवली-बदलापूरला पांगले. दादा चौथ्यांदा 'हौद' म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरची विहीरच उथळ व्हायला लागली. हे कुठल्या हुकूमशहाने केलं नाही. थोरल्या भावाने केलं, चहा पिता पिता. ('१९८४'मधल्या हुकूमशहाचं नावच 'बिग ब्रदर', म्हणजे थोरला भाऊ, ते असो.)

म्हणून '१९८४'चं शेवटचं प्रकरण मला जास्त बोचतं. राजवटीने पकडून केलेला छळ संपलाय, विन्स्टन कॅफेत जिन पीत बसलाय, समोर बुद्धिबळाचा पट. अचानक त्याला एक पावसाळी दुपार आठवते. कंटाळलेल्या पोरासाठी आई एक खेळ विकत आणते. पट तडकलेला, लाकडी फासे धड बसतसुद्धा नाहीत. आधी कुरकुरणारा पोरगा मग रंगून जातो. आठ डाव होतात, चार आईचे, चार याचे, आणि लोडाला टेकवलेली चिमुरडी बहीण बाकीचे हसतात म्हणून हसते. खेळ कुठला? सापशिडी. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात त्या मोक्षपटाचंच हे विलायती भावंड. (ऑरवेल जन्मला बिहारमधल्या मोतिहारीत, पण तान्हा असतानाच विलायतेला गेला, त्यामुळे तिथून काही धागा जुळवायला जाऊ नका.)

आणि हे सगळं आठवून झाल्यावर विन्स्टन ठरवतो की ही आठवण खोटी आहे. शेजारी मारणारं कुणी नाही, दटावणारं कुणी नाही. साक्षीदार आपणहून फितूर होतो. चॉकलेटची आठवण त्याला माणूस बनवत होती तेव्हा आली. सुखाची आठवण आली तेव्हा ती परवडण्यासारखं त्याच्यात काही उरलं नव्हतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'मध्ये (१९५३) माँटॅगला लहानपणी वीज गेलेली संध्याकाळ आठवते. आई शेवटची मेणबत्ती लावते आणि दिवे इतक्यात येऊ नयेत असं दोघांनाही वाटतं. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. आल्डस हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'च्या जगात (१९३२) मुलं बाटलीत जन्मतात आणि 'आई' ही शिवी असते, म्हणजे साक्षीदार तयारच होऊ द्यायचा नाही. काझुओ इशिगुरोच्या 'नेव्हर लेट मी गो'मध्ये (२००५) एक मरायला टेकलेला रुग्ण त्याची शुश्रूषा करणाऱ्या कॅथीला, म्हणजे कादंबरीच्या निवेदिकेला, तिच्या शाळेबद्दल पुन्हा पुन्हा विचारतो. त्याला स्वतःचं बालपण नकोच असतं, तिचं ऐकून ऐकून आपलंसं करायचं असतं. हा प्रसंग जेमतेम पानभराचा, पण आख्ख्या पुस्तकात माझ्या लक्षात राहिला तो हाच.

तुम्ही '१९८४' आधी वाचली असेल तर एक करून बघा. दुसऱ्या भागातलं सातवं प्रकरण आणि त्यानंतर थेट शेवटचं, असं एका बैठकीत वाचा. आई तीच, बहीण तीच, दोन आठवणींत अंतर साधारण महिन्याभराचं.