स्पर्मिन तुटतं तेव्हा

प्रिय,

तुझा मेल काल रात्री उशिरा वाचला. प्लेटमधल्या पेशींना स्पर्मिन घातलं (पेशीत एरवीही असणारा पॉलिअमाइन, म्हणजे अनेक अमाइन गट असलेला रेणू), चोवीस तासांत पेशी गोल होऊन सुटल्या, आणि तू निष्कर्ष काढलास की स्पर्मिन विषारी आहे. हे वाक्य प्रबंधात जाण्याआधी जरा थांब.

मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, दहा टक्के फीटल बोव्हाइन सिरम (गायीच्या गर्भाच्या रक्तातलं सिरम) होतं ना? मग त्या प्लेटमध्ये तुझ्या पेशींखेरीज आणखी एक एन्झाइम कामाला लागलं होतं. गायीच्या सिरममध्ये तांबं असलेलं अमाइन ऑक्सिडेज असतं. स्पर्मिन पेशीत शिरेपर्यंत ते वाट बघत नाही, बाहेरच तोडायला घेतं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, अमोनिया आणि अल्डिहाइड सुटतात, पुढे विषारी अ‍ॅक्रोलिन तयार होतं. पेशी मरायला एवढं पुरतं. माझे पीएचडीचे जवळजवळ आठ महिने यातच गेले. डोस बदलला, पेशी बदलल्या, अगदी स्पर्मिनची बाटलीही नवी मागवली. सिरमकडे मात्र माझं लक्षच गेलं नाही. ते आठ महिने आजही मला टोचतात, म्हणून तुला इतक्या घाईने लिहितेय.

पुढच्या वेळी 1 मिलिमोलर अमिनोग्वानिडीन घालून बघ, ते सिरममधल्या या एन्झाइमला अडवतं. पेशी जगल्या तर संशय सिरमवर जाईल. पण प्लेटमध्ये नुसत्या अमिनोग्वानिडीनची वेगळी वेल (खळगा) ठेवायला विसरू नकोस. ते नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमलाही अडवतं आणि अल्डिहाइडशीही चिकटतं.

आता पेशीच्या आतलं. तिथली तोडणी फार शिस्तीची आहे, आणि मला या विषयाचं वेड लागलं ते तिच्यामुळेच. स्पर्मिनवर चार धनप्रभार असतात, त्यामुळे ते डीएनए-आरएनएला घट्ट बिलगून राहतं. एसएसएटी नावाचं एन्झाइम त्याला अ‍ॅसिटिल गट लावतं, एक प्रभार कमी होतो, पकड सैल पडते. मग ते पेशीबाहेर तरी जातं, नाहीतर पेरॉक्सिझोम या पेशीतल्या कप्प्यातलं पीएओएक्स नावाचं एन्झाइम त्याचं स्पर्मिडीन, म्हणजे थोडं लहान पॉलिअमाइन, करतं. एसएसएटीचं आयुष्य एरवी मिनिटांत मोजावं लागतं. पॉलिअमाइन वाढले की मात्र ते टिकून राहतं. माल साठला की हमाल वाढवावेत, तसं.

दुसरी वाट बराच काळ कुणाला दिसली नव्हती. अ‍ॅसिटिल लागल्याशिवाय स्पर्मिन तुटतच नाही, असा समज होता. 2001 मध्ये स्पर्मिन ऑक्सिडेज हे एन्झाइम सापडलं. ते थेट स्पर्मिनला हात घालतं आणि स्पर्मिडीन, 3-अमिनोप्रोपॅनाल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देतं. पेरॉक्साइड पीएओएक्सच्या कामातूनही निघतं, पण पेरॉक्सिझोममध्ये ते आवरायला कॅटालेज हे एन्झाइम शेजारीच असतं. स्पर्मिन ऑक्सिडेज मात्र पेशीद्रवात आणि केंद्रकातही असतं, म्हणजे डीएनएच्या अगदी उशाशी. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूच्या संसर्गात जठराच्या पेशींत हे एन्झाइम वाढतं आणि डीएनएला इजा होते, ती याच पेरॉक्साइडमुळे. म्हणून किती स्पर्मिन तुटलं एवढ्यावर समाधान मानू नकोस. कुठे तुटलं आणि तुटताना काय सांडलं, तेही मोज.

एमडीएल 72527 हे एन्झाइम अडवणारं रसायन वापरायचा तुझा विचार चांगला आहे, पण ते पीएओएक्स आणि स्पर्मिन ऑक्सिडेज दोघांनाही थांबवतं. त्यावरून एकट्या स्पर्मिन ऑक्सिडेजचं नाव घेता येणार नाही. एसआय-आरएनएने (एकाच जनुकाचं काम दाबणारा आरएनएचा तुकडा) फक्त त्यालाच खाली आणलेला एक प्रयोग सोबत हवाच. डॅन्सिल क्लोराइड लावून एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजायची पद्धत) करशील तेव्हा अ‍ॅसिटिल लागलेल्या पॉलिअमाइनची शिखरंही बघ, आणि पेशींबरोबर वरचा मीडियाही तपासायला ठेव. बाहेर पडलेला माल तिथेच सापडतो.

सोमवारी अमिनोग्वानिडीन ताजं विरघळव. चोवीस तासांनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीस की लगेच फोटो पाठव, मी वाट बघतेय.

तुझी,
मॅडम