मंगळावर पडते ते दव, दहिवर की बर्फ?

सोलापुरातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: "नववीच्या मुलांकडून भित्तिपत्रक करून घेतोय. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेला फोटो आहे, विवराच्या कडेला पांढरा थर दिसतो. मूळ मजकुरात 'सीझनल फ्रॉस्ट' म्हटलंय. मी 'गोठलेले दव' लिहिलं, आमच्या हिंदीच्या मॅडम 'पाला' म्हणतात, एकाने 'हिमतुषार' सुचवलं. बरोबर काय?"

सर, 'हंगामी दहिवर' लिहा. बाकीचे शब्द का नकोत ते सांगतो, पण खरी गोम नामात कमी आणि त्याच्या पुढे येणाऱ्या क्रियापदात जास्त आहे.

हिंदीतला 'पाला' आधी निकालात काढू. मराठीत पाला झाडाला असतो, नाहीतर शेळीपुढे. "मंगळावर पाला पडला" असं छापलंत तर पोरं फोटोत झाडं शोधत बसतील. 'तुषार' संस्कृतात हिमाचा, थंडीचा; मराठीत मात्र तो उडत्या थेंबांचा झाला, आणि ज्याच्या रानात तुषार सिंचनाचा संच आहे त्याला दुसरं काही आठवायचंच नाही. 'हिमतुषार' चूक नाही, पण समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही.

अडचण मुळात ही की आपल्या मुलखात ही गोष्ट दिसतच नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत स्वेटर निघतात, पहाटे धुई पडते, ज्वारीची पानं दवानं भिजतात (रब्बीची ज्वारी अर्धी दवावरच पोसते, असं जुनी माणसं म्हणतात), पण पारा काही शून्याखाली जात नाही. गोठलेल्या थराला रोजच्या बोलण्यात वेगळा शब्द लागलाच नाही. महाबळेश्वरात तो दिसला तरी वर्तमानपत्रं 'दवबिंदू गोठले' असंच छापतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात तर हा वाद उद्भवणारच नाही: दव, धुकं, बर्फ, सगळ्यांना एकच 'मंचु'. कन्नडातला 'मंजु' त्याचाच भाऊबंद. मराठीने मात्र वाटण्या करून ठेवल्यात, तेव्हा कोणाचा वाटा कुठला हे बघावं लागतं.

'दहिवर' जुना शब्द आहे. जुन्या लेखनात 'दहिंवर' असा अनुस्वारही दिसतो. बोलीत तो नुसत्या दवालाही चालतो. शाळेच्या भूगोलाने मात्र दोघांना वेगळं केलं: दवबिंदू गोठले की दहिवर. म्हणजे तुमच्या मुलांना शब्द ओळखीचा आहे. पण हीच व्याख्या मंगळावर आडवी येते.

तिथे थेंबाची पायरीच नाही. मंगळाच्या हवेचा दाब आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या विरळ हवेत पाणी द्रवरूपात टिकत नाही. वाफेचा थेट बर्फ होतो. त्यात हंगामी दहिवराचा मोठा भाग पाण्याचा नाहीच, तो कार्बन डायऑक्साइडचा आहे. मंगळाच्या हवेत सुमारे ९५ टक्के हाच वायू. हिवाळ्यात ध्रुवाकडे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, तापमान उणे १२५ अंशांच्या आसपास उतरतं आणि हवाच जमिनीवर बसायला लागते. थोडीथोडकी नव्हे, वातावरणाचा जवळजवळ चौथा हिस्सा. १९७६ साली उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या दाबमापकांवर हे दिसलं: ध्रुवापासून हजारो किलोमीटर दूर उभी असूनही तिथला दाब ऋतूगणिक चढत-उतरत होता.

म्हणून 'दव गोठले' नको. 'दहिवर बसले', 'जमले', 'थर धरला' यांतलं काहीही घ्या. आणि वसंतात 'वितळले' तर अजिबात नको. हे दहिवर पेटीतल्या कापरासारखं उडून जातं, ओल मागे न ठेवता. मुलांना 'संप्लवन' (घनाचा थेट वायू होणं) शब्द विज्ञानात येतोच. इथे वापरून टाका.

हा काथ्याकूट कशासाठी, तर 'वितळले' म्हटलं की कक्षेतून दिसणारी सगळ्यात विलक्षण गोष्ट समजतच नाही. दक्षिण ध्रुवाकडे हा थर काही ठिकाणी काचेसारखा पारदर्शक होतो. वसंतातलं ऊन त्यातून आरपार जाऊन खालची जमीन तापवतं, थर तळाकडून उडू लागतो आणि वायू आत कोंडतो. मग फट सापडेल तिथून फवारा उसळतो, सोबत काळी धूळ येते, आणि वाऱ्याच्या दिशेने पंख्यासारखे काळे पट्टे पसरतात. वायूच्या ओढीने जमिनीत कोळ्याच्या पायांसारख्या फाटे फुटलेल्या चऱ्या पडतात. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाचा हायराइझ कॅमेरा सुमारे ३०० किलोमीटरवरून हे पट्टे आणि चऱ्या टिपतो. पाणी वितळून यातलं काही घडलं नसतं.

पाण्याचं दहिवरही तिथे आहे, पण नाजूक. व्हायकिंग-२ने १९७९ मध्ये दगडांभोवती बसलेला त्याचा पातळ थर जमिनीवरूनच टिपला. आणि २०२४ मध्ये जाहीर झालं की सुमारे २२ किलोमीटर उंच ऑलिंपस मॉन्स या ज्वालामुखीच्या माथ्यावर, विषुववृत्ताच्या बाजूला असूनही, थंडीच्या ऋतूत पहाटे ते बसतं: मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं जाड, ऊन आलं की काही तासांत गायब. 'दहिवर' शब्द मला इथे सगळ्यात चपखल वाटतो.

ध्रुवाजवळ मात्र तो आखूड पडतो. तिथला हंगामी थर मीटर-दीड मीटर जाड होतो. त्याला 'हंगामी ध्रुवीय टोपी' म्हणा. आणि 'बर्फ' राखून ठेवा बारमाही साठ्यांसाठी, उदाहरणार्थ उत्तरेकडचं ८२ किलोमीटर रुंदीचं कोरोलेव्ह विवर, जे वर्षभर पाण्याच्या बर्फानं भरलेलं असतं.

तुमच्या फोटोसोबत विवराचं नाव किंवा अक्षांश असेल तर तेवढं बघून घ्या. मजकुरात कार्बन डायऑक्साइडचा उल्लेख असेल, तर ओळ अशी करा: 'विवराच्या कडेवर बसलेले कार्बन डायऑक्साइडचे हंगामी दहिवर, कक्षेतून टिपलेले छायाचित्र.' शब्द नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे 'दहिवर पडला' नको. अनेकवचनही करू नका. 'दहिवरे' कोणी म्हणत नाही.